पाऊस गेला, पण कोल्ड फ्रंटचं काम अजून बाकी असतं

प्रश्न : शुक्रवारी संध्याकाळी जोरात वारा सुटला, तासभर सरी कोसळल्या आणि शनिवारी मस्त ऊन पडलं. अ‍ॅपवर रविवार पहाटेचं तापमान 3 डिग्री दाखवत होतं, शून्याच्या वर आहे म्हणून मी टोमॅटोच्या कुंड्या बाहेरच राहू दिल्या. सकाळी बघते तर पानं उकळत्या पाण्यातून काढल्यासारखी काळी आणि लिबलिबीत झालेली. पाऊस तर शुक्रवारीच संपला होता, मग हे झालं कसं?

उत्तर : वाचून जीव हळहळला, कारण एवढे महिने जपलेली रोपं एका रात्रीत जातात. आणि यात तुमचं काही चुकलं नाही हो, अ‍ॅपचंही नाही, फक्त अ‍ॅपवरचा तो 3 चा आकडा साधारण दीड-दोन मीटर उंचीवरच्या हवेचा असतो, तुमच्या कुंडीतल्या पानाचा नाही. मोकळ्या, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्याच्यापेक्षा तीन-चार डिग्री सहज खाली जाते, म्हणजे वर 3 असतानाही पानावर दव गोठतं.

आता पाऊस गेल्यावरच थंडी का वाढली ते बघा. कोल्ड फ्रंट म्हणजे थंड हवेची पुढे सरकणारी कड. थंड हवा जड, ती गरम हवेच्या खाली पाचरीसारखी घुसते आणि गरम दमट हवेला झटकन वर ढकलते, ढग होतात, सरी येतात. तो पाऊस म्हणजे नुसती कड गेली, खरी थंड हवा तिच्या मागून येते आणि ती कोरडी असते, त्यामुळे आभाळ स्वच्छ होतं. ढग असले की रात्री जमिनीतून निघणारी उष्णता बरीचशी परत खाली येते, ते पांघरूणच निघून गेलं. त्यात शुक्रवारी रात्री वारा होता, तो हवा ढवळत राहतो म्हणून जमिनीलगत फार गारठा साचत नाही. शनिवारी रात्री तोही पडला. म्हणून फ्रंट गेल्यानंतरची पहिली शांत, निरभ्र रात्र सगळ्यात धोक्याची, पावसाची रात्र नाही. हे मी जिथे तिथे सांगत असते कारण लोक पाऊस थांबला की निर्धास्त होतात.

पुढच्या वेळी अ‍ॅपमध्ये तापमानाबरोबर दवबिंदू पण बघा. हवा दवबिंदूपर्यंत गार झाली की वाफेचं पाणी व्हायला लागतं, त्यातून उष्णता सुटते आणि पारा घसरायचा वेग मंदावतो. फ्रंट गेल्यावर दवबिंदूच शून्याच्या आसपास किंवा खाली आला असेल, आभाळ मोकळं असेल आणि वारा नसेल, तर अ‍ॅप 4 म्हणो नाहीतर 5, कुंड्या आत घ्या. आत जागा नसेल तर भिंतीला चिकटवून ठेवा, दिवसा माती ओली करा (ओली माती उष्णता जास्त धरून ठेवते) आणि सूर्य मावळायच्या आत जुनी चादर अशी टाका की ती खाली जमिनीपर्यंत टेकेल, कारण ऊब मातीतून येते आणि तीच अडवायची आहे. प्लॅस्टिक पानांना टेकू देऊ नका, जिथे टेकतं तिथलं पान जातं. सकाळी ऊन आलं की चादर काढा.

प्रश्न : कधी दिवसभर रिपरिप असते तर कधी दहा मिनिटं सर, मग ऊन, परत सर. असं का?

उत्तर : रिपरिप बहुतेक वेळा वॉर्म फ्रंटची. तिथे गरम हवा थंड हवेवरून हळूहळू चढते, उतार अगदी कमी असतो म्हणून पावसाचा पट्टा रुंद. कोल्ड फ्रंटचा उतार जास्त उभा, म्हणून पट्टा अरुंद आणि पाऊस जोरदार. ऊन-पावसाचा खेळ मात्र फ्रंट गेल्यानंतरचा, वरून थंड हवा वाहते आणि खालचं समुद्राचं पाणी शरद ऋतूतही बऱ्यापैकी गरम असतं, त्यामुळे हवा खालून तापून सुटे सुटे ढग उठतात आणि समुद्राजवळच्या भागात तर हे दिवसभर चालतं.

मागे एकांनी फ्रंट हा शब्द कुठून आला विचारलं होतं ते पण सांगते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये विल्हेल्म ब्यर्कनेस, त्यांचा मुलगा याकोब आणि सहकारी हवेचा अभ्यास करत होते, दोन प्रकारच्या हवा समोरासमोर भिडतात ते त्यांना युद्धाच्या आघाडीसारखं वाटलं आणि तोच शब्द रुजला. याकोबचा यावरचा प्रसिद्ध लेख 1919 चा.

प्रश्न : सलग तीन वीकेंड पावसात गेले. शनिवारचंच काही आहे का?

उत्तर : शनिवारचं काही नाही. शरद ऋतूत ध्रुवाकडची हवा झपाट्याने गार होते, विषुववृत्ताकडची तशीच गरम राहते, हा फरक वाढला की वरचा जेट स्ट्रीम (खूप उंचावरचा जोरदार वाऱ्याचा पट्टा) जोर धरतो आणि त्याच्या लाटांबरोबर फ्रंट एकामागून एक येतात. दोन फ्रंटमधलं अंतर बऱ्याचदा चार ते सात दिवसांचं असतं, ते सातच्या आसपास अडकलं की काही आठवडे प्रत्येक वेळी शनिवारच सापडतो. एखादा फ्रंट दोन दिवस लवकर आला की पुढचा वीकेंड कोरडा मिळेल, फक्त त्या आधीच्या मोकळ्या रात्री कुंड्यांचं बघा.