निसटणाऱ्या खांद्याला स्ट्रेचिंगचं पॅकेज?

वयाने बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. कबड्डीत साखळी धरलेली असताना चढाईपटूने ओढत नेलं, हात वर-मागे फिरून खांदा निसटला, मैदानावरच कुणीतरी बसवला, एक्स-रे 'नॉर्मल' आला आणि आता फिजिओथेरपी सेंटरवाले 'फ्रोझन शोल्डर', म्हणजे आखडलेला खांदा, म्हणत शेक-स्ट्रेचिंगचं पॅकेज गळ्यात मारतायत. तुझी पोस्ट वाचताना माझीच जुनी फाईल उघडल्यासारखं वाटलं. मी डॉक्टर नाही, कोपरारक्षक होतो. तेवढं धरून वाच.

फ्रोझन शोल्डर साधारण 40 ते 60 वयातलं दुखणं, मधुमेह असलेल्यांना जास्त. विशीतल्या कबड्डीपटूला, तेही खांदा निसटल्यावर, हे लेबल लावणाऱ्याला आधी एकच विचारायचं: कोपर कमरेशी ठेवून माझा हात तुम्ही स्वतः बाहेरच्या बाजूला वळवून पाहिलात का? फ्रोझनमध्ये दुसऱ्याने वळवला तरी तो अडतो, भिंत लागल्यासारखा. तुझा बहुधा वळेल. पण हात वर नेऊन मागे वळवला की 'आता निघणार' अशी भीती वाटेल आणि स्नायू आपोआप आवळतील. तपासणारा जाणता असेल तर आडवं झोपवून हेच करतो, मग खांद्याच्या गोळ्यावर पुढून तळहात दाबतो. दाबल्यावर भीती गेली तर खांदा पुढे निसटतोय हे बरंचसं कळतं. घरी मित्राकडून हे करून घेऊ नकोस.

माझ्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही. उपनगरातलं चकाचक सेंटर, नाव घेत नाही. पैसे आगाऊ, दंडाला पॅड चिकटवून मशीन चालू, तिथला मुलगा मोबाइलवर. मग टेबलावर उताणं झोपवून हात बाहेर आणि मागे दाबायचा, म्हणजे ज्या दिशेला खांदा निघतो नेमक्या त्याच दिशेला! मी 'निघेल, निघेल' म्हणून ओरडायचो. तो म्हणायचा, "दुखणारच, मोकळा होतोय." शेवटी त्यांच्याच टेबलावर निसटला. काउंटरवरच्या मॅडमनी सांगितलं, उरलेल्या सिटिंगचे पैसे परत मिळत नाहीत. आणि कागदावर काय लिहिलं? 'रुग्णाने स्वतःहून उपचार थांबवले.' आजही आठवलं की डोकं फिरतं.

असो. खांद्याची वाटी उथळ असते, तिच्या कडेला लॅब्रम नावाची कूर्चेची गोट असते. निसटणारे बहुतेक खांदे पुढच्या बाजूला निघतात आणि तिथली गोट सुटते. त्या दुखापतीला बँकार्ट म्हणतात. गोळ्याला मागून खोक पडते ती हिल-सॅक्स. साध्या एक्स-रेत गोट दिसतच नाही, त्यामुळे त्या 'नॉर्मल'ला फार अर्थ नाही. एमआरआय सांगितला तर सांध्यात डाय, म्हणजे चित्र स्पष्ट करणारं औषध, सोडून करायचा का, हे आधी विचार. गोट त्यात जास्त स्पष्ट दिसते. हाड किती झिजलंय याचा अंदाज सीटी स्कॅनने येतो.

माझं मत, पटलं तर घे: विशीत आणि धरपकडीच्या खेळात नुसत्या व्यायामावर खांदा टिकण्याची शक्यता कमी. गोट दुर्बिणीतून शिवतात. हाड जास्त गेलं असेल तर लॅटर्जे, म्हणजे जवळच्याच हाडाचा तुकडा स्क्रूने वाटीच्या पुढे बसवतात. मैदानात परतायला साधारण सहा महिने धर. मंडळाचे लोक 'फायनलपुरता उतर' म्हणतील. त्यांना काय जातंय? पण निर्णय खांद्यातल्याच सर्जनशी बोलून घे. खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबईतल्या केईएम किंवा सायन हॉस्पिटलच्या ऑर्थो ओपीडीत सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ. रांग मोठी असते, पण पॅकेज कुणी विकत नाही.

तोवर लोकलमध्ये त्या हाताने वरची कडी धरू नकोस. गर्दीचा लोंढा मागून आला की हात नेमका त्याच वाईट कोनात जातो. दाराच्या दांड्याला लटकणं तर विसरच.

आणि परत निसटला तर मैदानावर कुणाला ओढू देऊ नकोस. रुमालाने हात छातीशी बांध आणि थेट कॅज्युअल्टी गाठ. तिथे बसवण्याआधी दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतंय का हे सांग, तिथली नस दाबली जाऊ शकते. बसवण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही एक्स-रे मागून घे आणि सीडी स्वतःकडे ठेव.