इंजिन मोठं, वेग तेवढाच

प्रश्न : आमच्या मासेमारी नौकेची पाणरेषेवरची लांबी १४ मीटर. जास्त अश्वशक्तीचं इंजिन बसवलं, पंखा (प्रॉपेलर) जुनाच. वेग ८ नॉटवरून (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जेमतेम साडेआठ झाला. असं का? (एक वाचक, हर्णै)

उत्तर : कारण तुमची अडचण लाटेची आहे. चालत्या नौकेनं उठवलेली लाट वेगाबरोबर लांबत जाते. ९.१ नॉटला ती बरोबर १४ मीटर होते. नाळ (नौकेचं पुढचं टोक) एका माथ्यावर, वराम (मागचा भाग) त्यामागच्या माथ्यावर. त्यापुढे वराम खाली बसतो आणि नौका स्वतःच्याच लाटेचा चढ चढू लागते. (मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले २.४३, हा या नॉटमधल्या वेगाचा ढोबळ हिशोब.) या वेगाच्या जवळ येतानाच अर्ध्या नॉटसाठीही डिझेल भरमसाट जळतं. तो खर्च परवडणारा नाही.

पंखा मात्र जरूर तपासा. पिच (एका फेऱ्यात पंखा जितकं अंतर पुढे सरकायला हवा ते) २४ इंच आणि पंख्याच्या शाफ्टचे फेरे मिनिटाला ६०० असतील, तर घसरण (पाण्यात वाया जाणारं अंतर) नसताना वेग ११.८५ नॉट भरतो. प्रत्यक्षात ८ मिळत असतील तर घसरण सुमारे ३२.५ टक्के. जाळं ओढणाऱ्या नौकेला हे नवल नाही. पूर्ण थ्रॉटलला इंजिन ठरलेले फेरे गाठत नसेल आणि काळा धूर सोडत असेल, तर पिच जास्त आहे, ते कमी करून घ्या. पण त्याआधी नौका किनाऱ्यावर ओढून तळ आणि पंख्याची पाती खरवडा. शेवाळ-शिंपल्यांच्या पुटानेही फेरे कमी पडतात, मग पिचचा अंदाज चुकतो.