नाथसागरात (पैठणच्या जायकवाडी धरणात) जाळ्यात कटला-रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, फार येतात, जाळं बदलून फरक पडेल का?

हो, नक्की पडतो. पैठणला धरणात बहुतेक भोई बांधव लावतात ते कल्ल्यात अडकवणारं जाळं. त्यात सगळा खेळ आसाचा, म्हणजे जाळ्याच्या एकेका छिद्राचा. मासा डोकं घालतो आणि आस अंगाला घट्ट बसला की कल्ल्यामागे दोरा रुततो. त्याहून बारीक अंगाचा मासा आरपार निघून जातो. म्हणून आधी आस मोजा: जाळं ओलं करा, समोरासमोरच्या दोन गाठी ताणून धरा आणि पट्टी लावा. दुकानदार सांगतो त्यावर जाऊ नका.

आस मोठा असूनही पिल्लं येत असतील तर जाळ्याची बांधणी बघा. वरच्या दोरीवर जाळं जास्त चुण्या घालून, सैल बांधलं असेल तर मासा कल्ल्यात न अडकता गुंडाळला जातो, मग लहान-मोठं सगळंच सापडतं. ताणून बांधलेलं जाळं जास्त निवड करतं. चिलापीसाठी (तिलापिया माशासाठी) बारीक आस लावता, पण त्याच पाण्यात कटल्याची पिल्लं असली तर तीही जाणार, हे धरूनच चाला.

ओढायच्या जाळ्याचं गणित वेगळं. शंकरपाळ्यासारखे तिरके आस ओढताना ताणून मिटतात, त्यामुळे कागदावर आस मोठा असला तरी पिल्लाला वाट उरत नाही. चौकोनी आस उघडे राहतात. समुद्रातल्या ट्रॉलरच्या जाळ्याच्या खोळ्याला, म्हणजे मासा साठतो त्या शेवटच्या पिशवीला, चौकोनी आस लावायला सांगतात ते याचसाठी.

मच्छरदाणीचं कापड मात्र कृपा करून वापरू नका. त्यातून काहीच सुटत नाही. धरणात सोडलेलं मत्स्यबीजसुद्धा.