ताज्या कलमातच आहे तुमची ओळख

प्रश्न : ताई, मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमध्ये तीन वर्षं सेटर आहे, म्हणजे कामासाठी मशीन लावून देतो. पुण्याकडे जायची इच्छा आहे म्हणून आतापर्यंत सहा इंटरव्ह्यू दिले. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटलं की मी पाठ केलेलं सुरू करतो : मायसेल्फ अमुक, गाव कागल तालुक्यात, वडील शेती करतात, आई गृहिणी, दहावीला इतके टक्के, छंद क्रिकेट. गेल्या महिन्यात चाकणला मधेच एक वाक्य विसरलो आणि पुढचं सगळंच गेलं. समोरचे साहेब मोबाइल बघायला लागले. स्वतःबद्दल नेमकं काय बोलायचं असतं?

ता. क. : कामात मी कच्चा नाही. एका हाउसिंगच्या (मशीनच्या कवचासारख्या भागाच्या) बोअरचं, म्हणजे आतल्या गोल भोकाचं, रिजेक्शन शंभरात नऊवर गेलं होतं, ते मी फिक्स्चर (भाग क्लॅम्पने आवळून धरायची चौकट) बदलून दोनवर आणलं. पण हे कुणी विचारतच नाही.

उत्तर : तुमचं पत्र वाचताना ताज्या कलमापाशी मी थांबले आणि ते पुन्हा वाचलं. बावीस वर्षं भोसरी-चाकणच्या कारखान्यांसाठी मी माणसं निवडली. तुम्ही पत्राच्या तळाशी लिहिलंत, तेच ऐकायला आम्ही टेबलापलीकडे बसलेलो असतो. ‘कुणी विचारतच नाही’ म्हणता, पण ‘स्वतःबद्दल सांगा’ हाच तो प्रश्न.

वडील, आई, टक्के, छंद हा क्रम कॉलेजात सेल्फ इंट्रो म्हणून घोटून घेतात. एका दिवसात वीस मुलं आली तर त्यातली पंधरा तोच क्रम म्हणतात, आणि टक्के तर समोरच्या बायोडेटावर छापलेलेच असतात. पाठांतराचा आणखी एक तोटा तुम्ही भोगलाच आहे. एक ओळ निसटली की पुढची सापडत नाही. स्वतः केलेलं काम सांगताना असं होत नाही, कारण ते डोळ्यांसमोर दिसत असतं.

वडिलांची शेती लपवा असं मी मुळीच म्हणत नाही. विचारलं तर अभिमानाने सांगा. फक्त सुरुवात तिथून नको. कोल्हापूरचं नाव मात्र जरूर घ्या. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्रींचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, पुण्याच्या वाहन कारखान्यांना जातं. तिथल्या प्रॉडक्शनच्या माणसाला ‘गोकुळ शिरगावला सेटर आहे’ एवढ्यावरून तुम्ही कुठल्या मुशीतून आलात ते कळतं.

तुमच्या पत्रावरूनच मी एक मसुदा केलाय. बोअरचं कारण तुम्ही लिहिलेलं नाही. पातळ भिंतीच्या कास्टिंगला बहुतेक वेळा जे होतं ते मी धरलंय. तुमचं कारण वेगळं असेल तर तेच घाला, न घडलेलं एक अक्षरही नको.

‘नमस्कार, मी (नाव). गोकुळ शिरगावला मशीन शॉपमध्ये तीन वर्षं सेटर आहे. आमच्या एका हाउसिंगच्या बोअरचं रिजेक्शन शंभरात नऊवर गेलं होतं. क्लॅम्प घट्ट असेपर्यंत बोअर गोल यायचा, क्लॅम्प सोडला की भिंत मागे यायची आणि बोअर अंडाकृती व्हायचा. मी फिक्स्चरमधली दाबाची जागा बदलली. आता रिजेक्शन दोनवर आहे. आजवर बिडाच्या भागांवर काम केलं, तुमच्याकडे ॲल्युमिनियम आहे, ते मला शिकायचंय.’

घड्याळ लावून वाचा, पाऊण मिनिटाच्या आसपास होईल. तेवढं पुरे. शेवटचं वाक्य प्रत्येक कंपनीगणिक बदलायचं. त्यासाठी आदल्या दिवशी ती कंपनी काय बनवते ते बघून ठेवा. इतकी मुलं हे करत नाहीत की मला अजून वाईट वाटतं.

इंग्रजीचं. चाकण-तळेगाव पट्ट्यात जर्मन, कोरियन, जपानी कंपन्या आहेत, समोरचा मराठी असेलच असं नाही. ‘मायसेल्फ’ सोडा, ‘आय ॲम’ म्हणा. वाक्यं छोटी ठेवा. ‘रिजेक्शन वॉज नाइन परसेंट. नाऊ इट इज टू.’ यात चुकायला जागाच नाही. भाषा अडली तर ‘हिंदीत सांगू का?’ असं सरळ विचारा. शॉप फ्लोअरच्या जागेसाठी मी त्यावरून कुणाला नाकारलेलं नाही.

आणि नाव सावकाश सांगा. घाईघाईत नाव-आडनाव एकच शब्द होऊन जातं, मग समोरचा तो कागदावर शोधत बसतो आणि तुमचं पुढचं वाक्य त्याच्या कानावरून जातं. नावानंतर एक श्वास घ्या.

सराव आरशासमोर नको. शिफ्ट सुटल्यावर एखाद्या मित्राला सांगा, पण लाइनवरच्या नको, दुसऱ्या धंद्यातल्या. किराणा दुकानवाल्या मित्रालाही क्लॅम्पची भानगड कळली, तर एचआरच्या बाईंनाही कळेल.

परिचय संपला की गप्प बसा. तो शांततेचा क्षण भरून काढायला छंदाकडे वळू नका. पुढचा प्रश्न बहुतेक ‘फिक्स्चरमध्ये नेमकं काय बदललंत?’ हाच येईल. त्यासाठी खिशात पेन ठेवा आणि त्या क्लॅम्पिंगचं चित्र आधी दोन-चारदा काढून बघा. हाउसिंगची भिंत, जुन्या दाबाची जागा, नवीन जागा, एवढंच. कागद ते देतील.