दोन शेरे, एक निबंध

पत्र : मॅडम, मी पुण्यात अकरावी कला शाखेत आहे. ‘हेल्मेटसक्ती : योग्य की अयोग्य?’ या निबंधात मी सक्तीच्या बाजूने जोरात लिहिलं. बाईंनी ‘एकांगी’ असा शेरा मारला. पुन्हा लिहिताना दोन्ही बाजू मांडून सुवर्णमध्य सुचवला, तर शेरा आला, ‘तुझं मत कुठे?’ मला वकील व्हायचंय. युक्तिवादच जमत नसेल तर दुसरं काही बघू का? (दोन्ही निबंध सोबत जोडले आहेत. घरात माझे काका सक्तीचे कट्टर विरोधक आहेत!)

उत्तर : दुसरं काही बघू नकोस. विधी प्रवेशाच्या सीईटीत निबंध नसतोच, पर्याय निवडायचे असतात. पण पुढे मूट कोर्टात, म्हणजे विधी महाविद्यालयातल्या सरावाच्या खटल्यात, कधी या बाजूने, कधी त्या बाजूने उभं राहावं लागतं. तिथे हे दोन्ही शेरे कामाला येतील.

पहिल्या निबंधात तुझे विरोधक फक्त ‘केस विस्कटतात’ एवढंच म्हणतात. पुण्यात राहून हे लिहिलंस? काकांना नीट विचार. ते म्हणतील, पेठांत गाडी विशीच्या वर जातच नाही. आधी खड्डे बुजवा, उलट्या दिशेने येणाऱ्यांना धरा. आणि माझं डोकं माझं आहे. याला आपल्याकडे पूर्वपक्ष म्हणतात, आणि तो समोरच्याला मान्य होईल असा मांडायचा असतो. तू त्यातला सगळ्यात लेचापेचा मुद्दा उचललास आणि पाडलास.

दुसऱ्या निबंधात सुवर्णमध्य आहे. हेल्मेटसक्तीचा सुवर्णमध्य म्हणजे काय, अर्धं हेल्मेट?

खरी मेख वेगळीच आहे. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे ६९ टक्क्यांनी घटते, असं जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. हा आकडा टाकला की जिंकलो, असं तुला वाटेल. पण त्यातून सिद्ध होतं ते इतकंच, की हेल्मेट उपयोगी आहे. काकाही ते नाकारणार नाहीत. ‘उपयोगी आहे, म्हणून सरकारने भाग पाडावं’ यातला ‘म्हणून’ तुला वेगळा सिद्ध करावा लागेल. अपघाताचा भार घरच्यांवर आणि सरकारी रुग्णालयांवर पडतो का? मागे बसलेल्या लहान मुलाने कुठे काही निवडलेलं असतं? तुझा निबंध इथे उभा राहील किंवा पडेल.

१८९१च्या संमतिवयाच्या वादातही हीच फट होती. मुलीशी शरीरसंबंधाची, विवाहातसुद्धा, किमान वयोमर्यादा १० वरून १२ वर्षं करायची होती. आगरकर कायद्याच्या बाजूने होते. टिळकांचा मुख्य आक्षेप असा, की सुधारणा समाजाने आतून करावी, परक्या सरकारने कायद्याने लादू नये. टिळकांना ‘बालविवाहाचे समर्थक’ म्हणून मोकळं होणारा विद्यार्थी तुझ्या पहिल्या निबंधाचीच चूक करतो.

आता तुझं मत. ते ठाम हवं, पण त्याला कुंपणही हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येच पगडीधारी शिखांना सूट आहे, म्हणजे कायदाही अपवाद मानतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर हेल्मेट नसेल तर १००० रुपये दंड आणि तीन महिने परवान्यावर गदा, अशी तरतूद आहे. ‘सक्ती हवी, दंडही हवा, पण कोपऱ्यावर भाजी आणायला निघालेल्याचा परवाना काढून घेणं जास्त होतं’ असं तू लिहू शकतेस. पटत नसेल तर उलट लिही, पण का ते सांग. आणि ‘नाण्याला दोन बाजू असतात’ने सुरुवात करू नकोस, बाईंनी ते आज तीस वह्यांत वाचलेलं असेल.

या रविवारी फक्त काकांची बाजू एका पानावर लिहून त्यांना वाचायला दे. ‘हे मी बोललो त्यापेक्षा बरं लिहिलंयस’ असं ते म्हणाले, की तिसरा निबंध सुरू कर.