ब्रेन हॅमरेजनंतर बाबांचं बीपी २०० पार गेलं, आठवड्याने सोडियमसकट उतरलं. हे हार्मोन्समुळे होतं का? मीठ बंद करावं का?

हार्मोन्समुळे होतं, हो. आमच्या आईच्या मेंदूतल्या शिरेला आलेला फुगा फुटला तेव्हा डिट्टो असंच झालं होतं म्हणून लिहितोय. तिला देवगडहून फोंडा घाटाने कोल्हापूरला नेलं आणि अख्ख्या वाटेत काकांचं एकच, गोळी चुकवली म्हणून शीर फुटली. गोळी चुकली नव्हती, स्ट्रिप माझ्या खिशात होती! मेंदूभोवती रक्त सांडलं की शरीर ॲड्रेनालिन, नॉरॲड्रेनालिन ही हार्मोन्स भसाभस सोडतं, बीपी उसळतं, म्हणजे तो आकडा रक्तस्रावानंतरचा, त्यावरून पेशंटला बोल लावू नये.

सहाव्या दिवशी आई गुंगीत गेली. सिस्टर लघवीची पिशवी सारखी रिकामी करतेय, रात्रीत चार लिटरच्या वर, आणि रक्तातलं सोडियम १२४, म्हणजे बरंच कमी. बीएनपी नावाचं हार्मोन हृदयातून सुटतं, ते किडनीला मीठ बाहेर टाकायला लावतं, मिठामागून पाणी जातं आणि बीपी खाली येतं. व्हॅसोप्रेसिन नावाचं दुसरं हार्मोन वाढलं तर उलट पाणी अंगात साठतं. सोडियम दोन्हीत कमीच, पण या आजारात पाणी तोडणं धोक्याचं, कारण साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात मेंदूच्या शिरा आकसतात आणि तेव्हाच रक्त कमी पडून चालत नाही.

डॉक्टरांनी ३ टक्के, म्हणजे जास्त मिठाचं सलाइन लावलं, वर नळीतून मीठ द्यायला सांगितलं. मी उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ गाळून, मीठ मोजून विरघळवून थर्मासातून आणली तर काकांनी ती सरळ बेसिनात ओतली, "मीठ नको रे, प्रेशर वाढतला!" एवढ्यावरून आमचं वॉर्डात जे वाजलं ते आजतागायत मिटलेलं नाही. बीपी म्हटलं की मीठ बंद, एवढंच ज्याला येतं त्याला पेशंटजवळ बसवूच नये.

तुमच्या बाबांचं मीठ मनाने बंद करू नका, वाढवूही नका, लघवी किती होतेय ते लिहून डॉक्टरांना दाखवा. निमोडिपिन (शिरा आकसण्याच्या त्रासासाठीचं औषध) चालू असेल तर त्यानेही बीपी उतरतं, ते २१ दिवस देतात, तेही विचारा. आणि हो, मी डॉक्टर नाही, आंब्याच्या पेट्या भरतो. हे सगळं फुगा फुटून मेंदूभोवती रक्त सांडतं त्याबद्दल. बीपीनेच मेंदूच्या आत रक्तस्राव झाला असेल तर हिशेब वेगळा, तिथे पुढे मीठ कमीच करायला सांगतात, तेवढ्यापुरते काका बरोबर, पण आईला ते नव्हतं.