पाचवी बेडरूम कोणासाठी?

ताई, आम्ही न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो. २०२१ साली टाउनहाउस (शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागलेलं घर) घेतलं. १६५० स्क्वेअर फूट, तीन बेडरूम, तिन्ही वरच्या मजल्यावर. मुली ९ आणि ५ वर्षांच्या. सासू-सासरे वर्षाआड येतात आणि पाच-साडेपाच महिने राहतात. तेव्हा दोघी मुली एका खोलीत झोपतात आणि सकाळी बाथरूमसाठी रांग लागते. हप्ता, टॅक्स, सोसायटीची फी मिळून महिन्याला साधारण २५०० डॉलर जातात. आता नवऱ्याने ३६०० स्क्वेअर फुटांचं, पाच बेडरूमचं घर बघितलंय. इथून पंचवीस मिनिटं पुढे, किंमत ९ लाख डॉलर. बँकेचं प्री-अप्रूव्हल आलंय. तो म्हणतो, सगळ्यांची घरं मोठी झाली, आपल्याला गणपतीला चार माणसं बोलवायचीही चोरी. मला हे घर पुरतं. पण नको म्हटलं की त्याला वाटतं, मला त्याच्या आईवडिलांची अडचण होते. ग्रीन कार्ड अजून रांगेतच आहे. काय करावं?

उत्तर:

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, कारण २००५ साली आमच्या घरात हाच वाद झाला होता. फक्त मोठं घर मला हवं होतं आणि नवरा नको म्हणत होता. ठाण्याला वन रूम किचनमध्ये सहा जणांत वाढलेली मी. मला जिना असलेलं, दारात झाड असलेलं घर हवंच होतं. घेतलं. चार बेडरूम, शिवाय खाली फॉर्मल लिव्हिंग रूम. त्या लिव्हिंग रूममध्ये सहा वर्षं एकही खुर्ची आली नाही, मुलं तिथे टेनिस बॉलने क्रिकेट खेळायची. म्हणून तुझ्या नवऱ्याला मी दिखाऊ म्हणणार नाही. लहानपणी अभ्यासाला कोपरा मिळाला नाही, की माणूस चाळिशीत पाच बेडरूम मागतो. ते त्याच्याशी बोलताना लक्षात ठेव, निम्मं भांडण तिथेच मिटेल.

आता पैशाचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्याला सगळ्यांनी शिकवलं, पण इथे बँक अंथरूणच ओढून लांब करून देते. प्री-अप्रूव्हलचा आकडा म्हणजे बँक किती द्यायला तयार आहे, एवढंच. तुमच्या मुलींच्या कॉलेजचं, भारतात पाठवायच्या पैशांचं, दर दोन वर्षांच्या विमानाच्या तिकिटांचं त्यात काही धरलेलं नसतं. ९ लाखांच्या घराला २० टक्के स्वतःचे घातलेत तर कर्ज ७ लाख २० हजारांचं. साडेसहा टक्क्यांनी तीस वर्षांचा हप्ता होतो साधारण ४५५० डॉलर, आणि पहिल्या महिन्यात त्यातले ३९०० नुसतं व्याज. तुमचं आत्ताचं कर्ज २०२१ चं आहे, म्हणजे तीन टक्क्यांच्या आगेमागे असणार. असा दर पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. घर विकलं की तो दरही गेला, नव्या घरावर नेता येत नाही.

त्यावर प्रॉपर्टी टॅक्स. न्यू जर्सीचा टॅक्स देशात सगळ्यात जड राज्यांत मोडतो. नऊ लाखांच्या घराला वर्षाला १८ हजारांच्या आसपास धरा, गावागणिक कमी-जास्त. हप्ता तीस वर्षांनी संपेल, टॅक्स कधीच संपत नाही. त्यातले साधारण निम्मे पैसे शाळांना जातात, आणि इथे एक गोष्ट लोक विसरतात: त्याच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे त्याच सरकारी शाळांच्या हद्दीत, टाउनहाउसमधलं मूल आणि पाच बेडरूमच्या घरातलं मूल एकाच वर्गात बसू शकतं. शाळेसाठी मोठं घर घेतलं असं कोणी सांगितलं, तर त्याच डिस्ट्रिक्टमधल्या लहान घराची किंमत विचार.

सगळं मिळून २५०० च्या जागी ६००० च्या वर जाणार, इन्शुरन्स आणि डागडुजी वेगळी. डागडुजी म्हणजे काय, तेही ऐक. टाउनहाउसचं छप्पर, हिरवळ, बर्फ हे बहुतेक ठिकाणी सोसायटी बघते. तिकडे ते सगळं तुमचं. उन्हाळ्यात दर आठवड्याला गवत, ऑक्टोबरमध्ये पानं, मग गटर साफ करणं, बर्फ पडला की टाउनशिपने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, दिलेल्या मुदतीत फुटपाथ मोकळा करणं. भारतात मोठं घर म्हणजे केरफरशीला एक बाई, धुण्याभांड्याला वेगळी. इथे साडेतीन बाथरूम (अर्धं म्हणजे नुसतं संडास-बेसिन) शनिवारी सकाळी कोण घासणार, हे घर बघायला जाताना कोणी बोलत नाही.

आणि ते ३६०० म्हणजे नक्की किती, तेही बघ. पुण्यामुंबईकडे आपण बिल्डरला कार्पेट एरिया विचारतो. इथे घर बाहेरच्या भिंतीपासून मोजतात, जिनाही धरतात. पण तळघर आणि गॅरेज त्या आकड्यात सहसा येत नाही. म्हणजे साफसफाईला आणि दुरुस्तीला घर आकड्यापेक्षा मोठंच. शिवाय अशा घरांत दार उघडलं की दोन मजले उंच रिकामी जागा असते. फोटोत फार सुंदर दिसते. तिचा वरचा भाग स्क्वेअर फुटांत धरत नाहीत, पण जानेवारीत गरम हवा सगळी तिथे जाऊन बसते आणि खाली सोफ्यावर आपण शाल पांघरून बसतो.

पण तुझ्या पत्रातला खरा प्रश्न सासू-सासऱ्यांचा आहे, म्हणून तिथे जरा थांबते.

आमच्या त्या मोठ्या घरात चारही बेडरूम वर होत्या. २००९ साली सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा पलंग आम्ही त्या रिकाम्या लिव्हिंग रूममध्ये आणला. खाली नुसतं संडास आणि बेसिन. अंघोळ वर. सहा आठवडे तो माणूस दिवसातून एकदा, एकेका पायरीवर बसत बसत, मागे सरकत वर जायचा. २९०० स्क्वेअर फुटांच्या घरात त्यांना हवी होती ती सहा बाय आठची जागा नव्हती. तेव्हापासून घर बघायला जाते तेव्हा मी खालचा मजला आधी बघते. खाली एक झोपायची खोली आणि शॉवरसकट पूर्ण बाथरूम असेल, तर १८०० फुटांचं घर म्हाताऱ्या माणसांसाठी मोठं. ते नसेल, तर ३६०० फूटही अपुरे. नवऱ्याने बघितलेल्या घरात पाचवी बेडरूम खाली आहे की वर, हे तू लिहिलेलं नाहीस. आधी ते विचार.

दुसरं, तुमचे सासू-सासरे इथे गाडी चालवत नाहीत, असं मी धरून चालते. मग पंचवीस मिनिटं पुढे गेलात की त्यांचं काय होणार? आत्ताच्या घरापासून त्यांना चालत कुठे जाता येतं का? एडिसन-आयझेलिनकडे भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडच्या आसपास राहणारी म्हातारी माणसं बघ. सकाळी भाजी आणायला जातात, बाकावर कोणी ना कोणी भेटतं. पुढच्या टाउनशिपांमध्ये घरं ऐसपैस, पण कित्येक रस्त्यांना फुटपाथच नाही. तुम्ही दोघं कामावर, मुली शाळेत, आणि दोन माणसं पाच बेडरूमच्या शांततेत दुपारचे चार वाजायची वाट बघत बसलेली. माझी सासू म्हणायची, "घर छान आहे गं, पण यात कोणी बोलत नाही." बाथरूमची रांग तिला कधी खुपली नाही, हा एकटेपणा खुपला.

म्हणून नवऱ्याला सांग की मला तुझ्या आईवडिलांसाठीच हे नको आहे. आणि नुसतं सांगू नकोस, पर्याय पुढे ठेव. टाउनहाउसच्या खालच्या मजल्यावर बऱ्याचदा फॉर्मल डायनिंग म्हणून एक जागा असते, जिथे आपण कोणीच जेवत नाही. मुलींची दप्तरं आणि ॲमेझॉनची खोकी तिथे असतात. त्याला भिंत आणि दार लावून खोली होते. शेजारचं संडास-बेसिन वाढवून शॉवर बसतो का, ते प्लंबरला दाखवा. तीन जणांकडून कोटेशन घ्या, सोसायटीचे नियम वाचा आणि टाउनशिपचं परमिट काढा. परमिट न काढता केलेलं काम घर विकताना पायात येतं. तळघर असेल तर त्याचाही विचार करा, फक्त तिथे झोपायची खोली करायची तर आगीच्या वेळी बाहेर पडता येईल एवढी खिडकी लागते. सगळ्यांत महाग कोटेशनसुद्धा नव्या हप्त्याशी ताडून बघ. महिन्याचा फरक साडेतीन हजार धरला, तर वर्षात ४२ हजार.

गणपतीचं मी दोन ओळींत आटोपते. वर्षातून दीड दिवस साठ माणसं येतात म्हणून उरलेले दिवस साठ माणसांचं घर सांभाळायचं, हे मला आजतागायत पटलेलं नाही. आम्ही आता वेळ वाटून देतो. अकराला एक कंपू, चारला दुसरा, आरती दोनदा. मोदक कमी पडतात, जागा कमी पडत नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही दोघांनी बसून बोलायला हवी. ग्रीन कार्ड रांगेत आहे म्हणजे तुमचं राहणं नोकरीवर अवलंबून आहे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि नोकरी गेली, तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. २००८ च्या डिसेंबरात माझ्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा आमच्याकडे ग्रीन कार्ड होतं, म्हणून निभावलं. तरी मोठ्या घराचा हप्ता भरताना नाकी नऊ आले, आणि २०१२ साली घेतल्या किमतीपेक्षा कमीत ते विकावं लागलं. २५०० च्या घरात एकाच्या पगारावर तग धरता येतो. वेळ आलीच तर भाड्याने देऊनही भारतात जाता येतं, अर्थात सोसायटी भाडेकरू ठेवू देते का ते बघून. ६००० च्या घराला तेवढं भाडं मिळेलच असं नाही.

मी लहान घराच्या बाजूची आहे हे तुला कळलंच असेल, पण डोळे झाकून नाही. आईवडील कायमचे येऊन राहणार असतील, दोघंही घरून काम करत असाल, किंवा टाउनहाउसच्या भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याने सकाळच्या मिक्सरवरून भांडण काढलं असेल, तर मोठं घर घेण्याला अर्थ आहे. माझ्या एका मैत्रिणीला मुलाच्या तबल्यापायी घर बदलावं लागलं, आणि ते योग्यच झालं. अधलंमधलं असतंच की: २२००-२४०० फूट, चार बेडरूम, त्यातली एक खाली, तुमच्याच डिस्ट्रिक्टमध्ये. ग्रीन कार्ड हातात आल्यावर असं काही निघालं, तर मीच म्हणेन घ्या. टाउनहाउस विकताना नफ्याची फार चिंता नको. मागच्या पाच वर्षांत दोन वर्षं त्यात राहिला असाल, तर नवरा-बायकोला मिळून ५ लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर फेडरल टॅक्स लागत नाही.

आणि तो हट्टाला पेटून त्या ९ लाखांच्या घराकडे जाणारच असेल, तर त्याच्याबरोबर जा. गॅसवरचा पंखा हवा बाहेर टाकतो की गाळून परत स्वयंपाकघरातच सोडतो, ते बघ. नाहीतर मोहरीची फोडणी तिसऱ्या बेडरूमच्या कपाटापर्यंत पोचते. तळघरातल्या खड्ड्यात पाणी उपसणारा पंप असेल, तर वीज गेल्यावर तो बॅटरीवर चालतो का विचार. २०२१ च्या सप्टेंबरात आयडा वादळाने न्यू जर्सीतली कितीतरी तळघरं भरली, आणि साध्या होम इन्शुरन्समध्ये पुराचं पाणी धरत नाहीत. शक्य झालं तर जोराचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. एजंट वरच्या खोल्या दाखवत असेल तेव्हा तू एकटी खाली उतर, कोपऱ्यात उभी राहा आणि नाकाने दीर्घ श्वास घे.